गडी कामाले येते, मन काहून नाही येत?

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, गंजीतला कापूस मशीनकडे लोटणाऱ्या बाईला मालात एखादा खडा दिसला आणि तिनं तो उचलून बाहेर फेकला, तर त्याचे तिला वेगळे पैसे भेटत नाहीत. नाही उचलला तरी तिचा रोज कापला जात नाही, कारण कोणाला पत्ताच लागत नाही. पण तोच खडा नाहीतर लोखंडाचा बारका तुकडा मशीनमध्ये गेला, ठिणगी उडाली अन् रुईनं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसानं, पेट घेतला, तर लाखोंचं नुकसान एका दुपारी होतं, आणि हंगामात जिनिंगला आग लागल्याची बातमी आपल्या भागात काही नवीन नाही. आता सांगा, तो खडा उचलायला तुम्ही कोणाला लावणार? सुपरवायझर उभा केला तरी तो किती हातांवर लक्ष ठेवेल, कॅमेरे लावले तरी कॅमेऱ्याला खडा दिसत नाही, बाईला दिसतो. ती उचलते का सोडून देते हे फक्त तिच्या मनावर आहे.

हा लेख त्या मनाबद्दल आहे. मी तालुक्याच्या गावी एका जिनिंगमध्ये हिशोब बघतो, हजेरी, उचल, हप्ते, सगळं माझ्या वहीतून जातं, म्हणून उदाहरणं जास्त करून कापसाची येतील, पण दाल मिल असो, कृषी केंद्र असो, दवाखाना, पतसंस्था, शाळा, ढाबा, नाहीतर शेतात वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार असो, जिथं माणूस दुसऱ्या माणसाकडे कामाला आहे तिथं हेच चालतं. मोटिव्हेशन म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं हे पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसचं काहीतरी आहे, आपल्या गड्यांना काय करायचं त्याचं. मला तर वाटते की जिथं मशीन कमी आणि हात जास्त, तिथं त्याची गरज लय जास्त, कारण मशीन मन लावून चालत नाही आणि मन न लावताही चालते, माणसाचं तसं नसतं.

मालक लोक भेटले की विचारतात, "भाऊ, या पोट्ट्यांमध्ये मोटिव्हेशन भरावं कसं?" माझा सगळा मुद्दा या एका प्रश्नाशी आहे. नवीन लागलेला पोरगा पहिल्या आठवड्यात कसा असतो ते आठवून पाहा, वेळेच्या आधी येतो, चार गोष्टी विचारतो, न सांगता झाडू उचलतो, काम संपल्यावरही थोडा घुटमळतो की अजून काही राहिलं का. सहा महिन्यांनी तोच पोरगा घड्याळाकडे बघत बसतो. मधल्या सहा महिन्यांत काय झालं? त्याच्यात होतं ते आपल्या जागेनं मारलं. बहुतेक माणसं मन घेऊनच येतात, ते मारायचं कसं थांबवायचं हे आधी समजून घ्यावं लागते, भरायचं नंतरचं नंतर.

यावर अमेरिकेत एका माणसानं बरंच खोदून काम केलं, फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचा मानसशास्त्रज्ञ. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पिट्सबर्ग भागातल्या साधारण दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं की तुम्हाला कामावर एकदम चांगलं कधी वाटलं आणि एकदम वाईट कधी वाटलं, ते सांगा. १९५९ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. वाईट वाटण्याच्या गोष्टींमध्ये लोकांनी सांगितलं वरिष्ठाचं वागणं, कंपनीचे उलटसुलट नियम, पगार, कामाच्या जागेची हालत. चांगलं वाटण्याच्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या, काहीतरी करून दाखवलं, कोणी त्याची दखल घेतली, जबाबदारी दिली, नवीन शिकायला मिळालं, काम स्वतःच आवडीचं होतं. म्हणजे दोन याद्या आहेत, आणि एका यादीतलं दुसरीत चालत नाही.

शेतातलंच घ्या. निंदण-डवरण केल्यानं पऱ्हाटीला बोंडं लागत नाहीत, त्याला खत-पाणी लागतं, पण निंदणच केलं नाही तर टाकलेलं सगळं खत तण खाऊन जाते. पहिली यादी निंदणाची, दुसरी खताची. आपल्याकडे गंमत काय होते की मालक वर्षभर निंदण करत नाही आणि दिवाळीला एकदम मिठाईचा डबा, भाषण, फोटो, म्हणजे खताची अख्खी बॅग एका दिवशी ओतून मोकळा होतो, आणि मग म्हणतो एवढं करूनही लोकांना किंमत नाही.

हर्झबर्गवर टीकाही झाली, ती बरोबर पण आहे, की माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला देतो आणि वाईटाचा दोष दुसऱ्यावर ढकलतो, म्हणून याद्या अशा वेगळ्या दिसल्या असतील. तरी निंदणाचा मुद्दा माझ्या डोळ्यासमोर रोज दिसतो. सगळ्यात साधं उदाहरण सांगतो, बायांसाठी संडास-बाथरूम. कित्येक ठिकाणी चाळीस-पन्नास बाया दिवसभर राबतात आणि त्यांच्यासाठी दार लागणारं एक धड बाथरूम नसते, मग त्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत की जायला नको. मार्चच्या उन्हात, टिनाच्या खाली, तोंडावर कापसाची धूळ, आणि पाणी नाही. त्या बाईकडून तुम्ही खडा उचलायची अपेक्षा करता का? तिचं सगळं लक्ष सहा कधी वाजतात याच्याकडे असणार, आणि असायलाच पाहिजे. बाथरूम बांधल्यानं ती खूश होऊन नाचणार नाही, ते तिच्या हक्काचंच होतं, पण न बांधता बाकी काहीही केलं तरी ते वाया.

पैसा लागतो, आधी हे कबूल करा

मोटिव्हेशनवर बोलणारे लोक पटकन म्हणतात "पैसाच सगळं नसतो". मला हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी आवडत नाही ज्याला रोज द्यायचा आहे. पैसा लागतोच. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली अशी हालत होती की साधारण १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ५२,००० च्या वर माणसं भरती करावी लागली, लोक यायचे, पट्ट्यावरचं तेच ते काम करून कंटाळायचे आणि निघून जायचे. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाचे पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, आधी अडीच डॉलरच्याही खाली मिळत होते, म्हणजे दुपटीच्या वर. माणसं सोडून जायचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं, खाडेही कमी झाले. फोर्ड काही दानधर्म करत नव्हता, रोज नवीन माणूस शिकवायचा खर्च त्याला जास्त महाग पडत होता. आपल्याकडे हा खर्च कोणी वहीत लिहितच नाही. चांगला फिटर ऐन हंगामात सोडून गेला तर रोलर आणि पट्टीची सेटिंग नीट लावणारा दुसरा माणूस भेटेपर्यंत मशीन किती तास उभी राहिली, किती सरकी तुटली, रुईत किती तुकडे गेले, हे सगळं "नशीब" या खात्यावर जाते.

(फोर्डच्या त्या पाच डॉलरमागे एक अट पण होती, कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन बघायची की हा दारू पितो का, घर साफ ठेवतो का, पैसे जपतो का. लोकांना ते बोचायचंच. पैसे देऊन माणसाच्या घरात डोकवायचा अधिकार भेटत नाही, आपल्याकडेही सालदाराच्या बाबतीत हे लय चालते.)

आता पैसा कसा द्यायचा, रोजानं का मापानं? सेफलाइट नावाची अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी आहे, तिनं तासाचा पगार सोडून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि एडवर्ड लझिअर या अर्थशास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसामागे काम ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातलं साधारण निम्मं जुन्याच लोकांनी हात चालवल्यामुळे आणि बाकीचं कंपनीत जास्त काम करणारी माणसं यायला आणि टिकायला लागल्यामुळे. ऐकून वाटते की मग सगळीकडे हेच करा ना. पण तिथं एक गोष्ट होती, काच नीट बसली नाही तर कोणी बसवली ते कळायचं आणि त्याच माणसाला ती परत बसवून द्यावी लागायची.

आपल्या कापूस वेचणीचं बघा. वेचणी किलोवर असते, बाया सकाळी लवकर येतात, हात भराभर चालतात, कोणाला हाकलावं लागत नाही, म्हणजे पैशानं काम वाढते हे खरंच आहे. पण किलोवर पैसे म्हणजे वजनाचे पैसे, स्वच्छतेचे नाहीत. दव असलेला ओला कापूस जास्त भरते, सोबत पालापाचोळा आला तरी वजनच वाढते, कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी काढायला थांबलं तर रोज बुडते. मग तोच कापूस काट्यावर येतो तेव्हा ग्रेडर हात घालून भाव पाडतो आणि शेतकरी बाईवर चिडतो. तिचं काय चुकलं? तुम्ही ज्याचे पैसे दिले ते तिनं केलं. काही शेतकरी स्वच्छ वेचणीला किलोमागे थोडं जास्त देतात आणि संध्याकाळी मोजताना सगळ्यांसमोर गाठोडं सोडून बघतात, तिथं माल साफ येतो. तर नियम असा की जे काम मोजता येते आणि मोजलेलं तेवढंच तुम्हाला पाहिजे, तिथं मापानं पैसे द्या. जिथं खडा उचलायची गोष्ट आहे, मशीन जपायची, गिऱ्हाइकाशी नीट बोलायची, पेशंटला धीर द्यायची, तिथं मापानं दिलं तर न मोजलेलं काम मरते.

राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांमध्ये एका संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षक गैरहजर राहायचे. तिथं कॅमेरे दिले, सकाळी आणि शाळा सुटताना पोरांसोबत फोटो काढायचा, फोटोवर तारीख-वेळ येणार, आणि पगार हजर दिवसांवर. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली, आणि पोरांचं शिकणंही थोडं सुधारलं. एस्थर डफ्लो यांचं काम आहे हे, त्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच जिल्ह्यात सरकारी नर्ससाठी तसंच हजेरीचं बांधून पाहिलं, सुरुवातीला जमलं, पण मग वरून "सवलतीचे दिवस" मंजूर व्हायला लागले आणि साधारण दीड वर्षात सगळं जिथल्या तिथं. म्हणजे नियम केला आणि वरच्यानंच त्यात भोक पाडलं की खालचा माणूस दोन्ही शिकतो, नियमही खोटा आणि वरचाही खोटा.

किती द्यायचे याच्याइतकंच कधी द्यायचे

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो म्हणून जरा जास्त सांगतो.

ओडिशात काही संशोधकांनी पानांच्या पत्रावळ्या बनवणाऱ्या मजुरांवर प्रयोग केला, आपल्याकडे पळसाच्या पानांच्या बनवतात तशाच. नगामागे पैसे, सगळ्यांना दर तोच, एकूण कमाईही तीच, फक्त काही जणांना कमाईचा मोठा भाग थोडे दिवस आधी दिला. बस एवढंच. लोकांनी ते पैसे हातात आल्याबरोबर उधारी फेडायला, घरात सामान भरायला वापरले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम सहा-सात टक्क्यांनी वाढलं. पत्रावळीतल्या चुकाही कमी झाल्या, आणि ज्यांची हालत जास्त तंग होती त्यांच्यात फरक जास्त. दर वाढवला नाही, धाक दाखवला नाही, डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून हात नीट चालले.

आता आपल्याकडे बघा. बाईच्या गटाचा हप्ता ठरलेल्या वारी भरावाच लागते, एक दिवस उशीर झाला तर बाकीच्या बाया दारात येऊन बसतात. जूनमध्ये शाळा उघडते, वह्या-दप्तर, त्याच वेळी घरच्या दोन एकराची पेरणी, बियाणं, खत. आणि मालक म्हणतो पगार देतो ना बाप्पा, पळून चाललो का, दहा तारखेला घे, पंधराला घे. मालकाच्या दृष्टीनं ते पाच दिवस आहेत. तिच्या दृष्टीनं त्या पाच दिवसांत तिला कोणाकडे तरी हात पसरावा लागतो, व्याज द्यावं लागते, नवऱ्याचं बोलणं खावं लागते, आणि हे सगळं डोक्यात घेऊन ती मशीनसमोर उभी आहे. मी वहीत बघतो ना, पगार लांबलेल्या आठवड्यात खाडे वाढतात, भांडणं वाढतात, आणि लोकांना वाटते हवाच खराब आहे.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला पाहिजे हे कायद्यात आहेच, लहान-मध्यम जागांना १९३६ च्या कायद्यापासून आहे. पण कायद्याच्या पलीकडे जाऊन एक साधी गोष्ट करता येते, तारीख पक्की करा, भिंतीवर लिहा आणि ती चुकवू नका. पैसे वाढवायची ऐपत नसेल तरी हे जमते. आणि उचल द्यायची पद्धत अशी ठेवा की माणसाला चारचौघात तोंड वेंगाडावं लागणार नाही. मालक गादीवर बसला, चार व्यापारी चहा पिऊन राहिले, आणि त्यांच्यासमोर गडी म्हणतो "मालक, पोरीले ताप आहे, पाचशे रुपये पाहिजे होते," त्यावर मालक आधी पाच मिनिटं त्याला ऐकवतो आणि मग पैसे देतो. पैसे तर दिलेच, मग ते पाच मिनिटं कशासाठी? त्या पाच मिनिटांत तुम्ही त्या माणसाचं वर्षभराचं मन घालवलं.

शेजारच्याला जास्त का?

ओडिशातलाच दुसरा अभ्यास, २०१८ मध्ये छापून आला. मजुरांच्या तिघा-तिघांच्या टोळ्या केल्या, दोऱ्या, झाडू, अगरबत्ती असली कामं, महिनाभर. काही टोळ्यांत तिघांना सारखा रोज, काही टोळ्यांत कमी-जास्त. मग ज्याला सारख्या रोजाच्या टोळीतल्याएवढाच रोज मिळत होता पण आपल्या टोळीतल्या दुसऱ्याला जास्त मिळतो हे माहीत होतं, त्याचं काम उतरलं आणि हजेरी साधारण १८ टक्क्यांनी पडली. विचार करा, रोजंदारीवर पोट असलेला माणूस स्वतःचा रोज बुडवून घरी बसला, कारण त्याला ते अन्यायाचं वाटलं. पण त्याच अभ्यासात, जिथं दुसऱ्याचं काम खरंच जास्त आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, तिथं फरक असूनही कोणाचं मन उतरलं नाही.

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण लोक ऐकतात आणि म्हणतात मग सगळ्यांना सारखंच द्यावं का. तसं नाही. फरक ठेवा, पण तो दिसणाऱ्या कारणानं ठेवा. खेड्यात पगार लपत नाही, पाणीटपरीवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. मालकाचा भाचा काल लागला आणि त्याला पंधरा वर्षं काटा सांभाळणाऱ्या माणसापेक्षा जास्त, तर त्या काट्यावरच्या माणसानं काय समजायचं? तो बोलणार नाही, खाली मान घालून काम करेल, फक्त आता काट्यात दोन किलोचा फरक दिसला तर तो तुम्हाला उठून सांगायला येणार नाही.

दंडाचंही तसंच आहे, थोडक्यात सांगतो. इस्राएलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांमध्ये आईबाप पोरांना न्यायला उशीर करायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर करणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी लोकांना बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटायची, आता वाटायला लागलं पैसे भरतो ना. दंड बंद केल्यावरही ती लाज परत आली नाही. "दहा मिनिटं उशीर, अर्धा रोज कट" करणाऱ्या मालकांनी हे वाचावं, कारण अर्धा रोज कापलेला माणूस मग निवांत जेवण करून दुपारीच येतो, त्याला आता घाई कशाची. आणि दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर लावता येत नाही, तोही आधी मंजूर करून लावलेल्या कारणांसाठीच, हे पण कायद्यात आहे.

निंदण झालं, आता खत

हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, शिकागोजवळ १९२० च्या दशकात, लाईट वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे कोणी लक्ष देते हे कामगारांना बरं वाटलं म्हणे. नंतर जुने आकडे परत तपासले तेव्हा गोष्ट सांगतात तेवढी स्वच्छ निघाली नाही, म्हणून मी तिच्यावर जास्त वजन टाकत नाही. त्यापेक्षा आपल्या जवळचं बघू.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जन्मलेल्या बाळाला श्वास येत नसेल तर काय करायचं, वजन कसं घ्यायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं. ३९ गावांमध्ये हे केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात ते छापून आलं, आणि पुढे देशभरात घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायचं जे काम आशा करतात ते त्यातूनच आलं. मला यात जे दिसतं ते असं, ज्या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं की तुले काय समजते, तिला कोणीतरी अवघड काम शिकवलं, नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग विश्वासानं तिच्या हातात दिलं. आणि तिनं वाचवलेलं बाळ तिच्याच गावात तिच्या डोळ्यासमोर रांगते. काम जमते आणि कामाचा उपयोग दिसते, यापेक्षा मोठं खत नाही.

उपयोग दिसणं म्हणजे काय हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात छान दिसलं. एका विद्यापीठासाठी फोन करून देणग्या मागणारी पोरं होती, कंटाळवाणं काम, लोक फोन आपटतात. त्यांची पाच-दहा मिनिटं एका विद्यार्थ्याशी भेट घालून दिली, ज्याला त्या देणग्यांमधूनच शिष्यवृत्ती मिळाली होती. महिनाभरानंतर त्या पोरांचा फोनवरचा वेळ दुपटीपेक्षा जास्त झाला होता. अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाचा हा अभ्यास, २००७ चा. आपल्या जिनिंगमध्ये किती बायांना माहीत आहे की आपण दाबलेली गाठ कुठं जाते, तिचं सूत कुठं होते, एका गाठीत प्लास्टिकची एक दोरी निघाली तर सूतगिरणीवाला काय म्हणतो? एकदा गाडी करून दहा जणींना सूतगिरणी दाखवून आणा, खर्च फार नाही.

पण इथं एक धोका आहे आणि तो मी स्पष्ट सांगतो, कारण आपल्या गावागावात तो दिसतो. आशा ताई २००५ पासून कामावर आहेत, कामागणिक मोबदला, कोरोनात दारोदार फिरल्या, मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला. चांगलंच झालं. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच आशा महाराष्ट्रात संपावर होत्या, कारण सन्मानावर घर चालत नाही. जिथं काम पुण्याचं आहे तिथं पैसे कमी देण्याची सवय लागते, दवाखान्यात, शाळेत, संस्थांमध्ये, "सेवा आहे ही" म्हणून. त्या माणसाच्या मनाचा असा वापर करणं मला चोरीच वाटते.

राहिला विषय मोकळीक देण्याचा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगितलं की माणसाचं मन लागायला तीन गोष्टी लागतात, आपलं आपण ठरवता येणं, काम जमतंय असं वाटणं, आणि सोबतच्या लोकांत आपलेपणा. पहिलीवर आपल्याकडे सगळ्यात जास्त घाव पडतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव माहीत असेल. २००९ मध्ये त्यांना साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, एप्रिल २०११ मध्ये बांबू बाहेर न्यायचा स्वतःच्या ग्रामसभेचा वाहतूक परवाना हातात आला आणि त्यांनी आपला बांबू आपण विकला. बांबू तोच, तोडणारे हात तेच, पण किती तोडायचा, कुठला ठेवायचा, कोणाला विकायचा, मजुरी काय, हे ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीनं ठरवायला लागली. ज्यानं ठरवलं त्याला जंगल राखायला वेगळा वॉचमन लागत नाही.

तुमच्याकडे जंगल नाही, पण ठरवायच्या गोष्टी भरपूर आहेत. जेवणाची सुट्टी कधी, पाळ्या कोणी कोणासोबत करायच्या, गंजी कुठून फोडायची, गोदामात पोती कशी लावायची, हे त्या लोकांना तुमच्यापेक्षा जास्त कळते, त्यांनाच ठरवू द्या. फिटर म्हणतो "मालक, ही पट्टी बदला, आवाज बदलला आहे," तर त्याच दिवशी बदला, नाही जमणार तर का नाही ते त्याला सांगा. दोनदा त्याचं ऐकलं नाही की तिसऱ्यांदा आवाज बदलला तरी तो काही बोलणार नाही. आपल्याकडे पोळ्याला गड्याला बोलावून जेवू घालायची, कपडे, बोजारा म्हणजे खुशीचे पैसे द्यायची रीत आहे, ती मला फार आवडते, पण त्या दिवशी ताटावर बसवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी "अबे" म्हणून हाक मारली तर त्या ताटाचं काही उरत नाही. नाव घेऊन बोला, वयानं मोठा असेल तर भाऊ म्हणा, काका म्हणा. चूक सांगायची तर बाजूला नेऊन, चांगलं सांगायचं तर सगळ्यांसमोर आणि नेमकं काय चांगलं केलं ते सांगून, नुसतं "शाब्बास" ऐकून माणसाला कळत नाही की काय परत करायचं.

एवढं करूनही एखादा माणूस काम करत नाही, असं होते. काही लोक खरंच टाळतात, आणि त्यांना वर्षानुवर्षं ठेवणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे, कारण त्याचं काम तेच उचलतात आणि रोज दोघांना सारखा. आधी विचारा की घरी काही झालं आहे का, दुसरं काम देऊन बघा, मुदत सांगा. नाहीच जमलं तर सोडा, पण हिशोब पूर्ण करून सोडा, कायद्यानं दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, तुम्ही त्याच दिवशी हातात द्या, कारण जाणाऱ्याशी तुम्ही कसं वागता हे राहणारे सगळे बघत असतात. आणि उचल बाकी असेल तर ती कशी फिटणार हे गुढीपाडव्याला साल ठरवतानाच कागदावर लिहून दोघांनी सही केलेली असू द्या, तोंडी ठेवलं की सगळी भांडणं तिथूनच निघतात.